साडूचा उतार

त्या दिवशी सकाळपासून मी अंगणात झाडू बांधत बसलो होतो आणि बायको माझ्या डोक्याशी. गवत ती निवडून देत होती, मूठ मी आवळत होतो, आणि मधल्या वेळात ती एकच गोष्ट घोळवत होती.

"धाकटीच्या उतारावर उद्या आग लावणार आहेत. आपणही उद्याच लावून टाकू."

"लावू."

"लावू म्हणजे उद्याच ना?"

"लावू म्हणजे लावू. माझा उतार आहे, माझ्या मनात येईल तेव्हा लावीन."

"उतार बाबांचा आहे," ती म्हणाली आणि पुढची जुडी माझ्यासमोर आपटली.

खोटं नव्हतं ते. सांगायला लाज वाटते, पण मी घरजावई. एकटा नाही, आम्ही दोघं आहोत. म्हाताऱ्याला दोन मुलीच, टेकडीचा एक मोठा उतार आणि त्यावर झाडूचं गवत. उताराच्या मधून एक घळ जाते. घळीच्या अलीकडचं थोरलीला, म्हणजे मला. पलीकडचं धाकटीला, म्हणजे माझ्या साडूला. घरही एकच, मधे भिंत घातलेली. भिंत इतकी पातळ की साडू तिकडं शिंकला तर इकडं माझी बायको म्हणायची, "गारठा बाधला वाटतं बिचाऱ्याला." मी आठ दिवस खोकत होतो, तेव्हा मला कुणी बिचारा म्हटलं नाही.

गावात मला भोंगा म्हणतात आणि त्याला घुम्या. मी बोलतो आणि तो बोलत नाही, एवढाच काय तो फरक. पण न बोलणाऱ्या माणसाला लोक उगाच शहाणा समजतात. काय शहाणपण केलं म्हणून विचारा, कुणाला सांगता यायचं नाही.

आमच्या गावाचं पोट या गवतावर. थंडी पडली की तुरे काढायचे, सुकवायचे, झाडू बांधायचे. तुरे काढले की मागं वाळकं काड उभं राहतं. ते तसंच ठेवलं तर पुढच्या वर्षीचा फुटवा आत कोंडतो, म्हणून दरसाल ते जाळायचं. पण कुठल्या दिवशी जाळायचं, ते सगळ्या गावाला माझा सासरा सांगतो. त्याची रीत ठरलेली. पहाटे अनवाणी उतारावर जायचं. एखादा राहिलेला तुरा घेऊन काळ्या फडक्यावर झटकायचा. बी पडलं नाही म्हणजे सगळं बी आधीच मातीत गेलं. मग गवताच्या ठोंबाच्या बुडात हात घालायचा. हात ओला आला तर त्याच सकाळी किंवा दुसऱ्या सकाळी आग लावायची. कोरडा आला तर त्या साली काडी ओढायची नाही, काड विळ्यानं कापून काढायचं. कितीही कंटाळा आला तरी.

म्हाताऱ्याचे गुडघे आता चढाला दाद देईनात. पुढच्या सालापासून दोघा जावयांतला एक आगीचा दिवस सांगेल, असं तो सगळीकडं सांगून बसला होता. दोघांतला एक म्हणजे थोरला, असं मी धरून चाललो होतो. थोरला मी. आणि गावाला दिवस सांगायचा तर तोंड नको का उघडायला?

तेवढ्यात दुकानदार रस्त्यानं आला. हा माणूस स्वतःचं दुकान उघडं टाकून दुसऱ्याच्या घरची बातमी पोचवायला जाईल.

"भोंगेराव, ऐकलं का? म्हातारबुवांनी घुम्याला बरोबर नेलं होतं पहाटे. ठोंबात हात त्याचाच घातला. आणि खाली आल्यावर माझ्या ओट्यावर बसून सगळ्यांसमोर म्हणाले, याचा हात बरोबर सांगतो."

मी आवळत असलेली मूठ इतकी आवळली की दोरी तुटली. बायको खाली मान घालून गवत निवडत राहिली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं हे मी नीट पाहिलं, पण वाईटही वाटलेलं दिसेना, आणि तेच मला जास्त लागलं.

दुपारी मी म्हाताऱ्याला गाठलं.

"मामा, मला नेलं असतं तर माझा हात काय कोरडा आला असता?"

"तू उठला असतास?"

"हाक मारायची होती."

"घुम्याला मी हाक मारली नव्हती," म्हातारा म्हणाला. "दारात येऊन उभा होता. असू दे. उद्या लाव तू पण. बुडाला ओल आहे तोवर लाव. वरचं जळू दे, खालचं भिजलेलं राहू दे. ऊन चढलं की काम हातचं गेलं."

घुम्याच्या हातानं ठरलेल्या दिवशी मी आग लावू? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, मी माझा दिवस काढीन.

दुसऱ्या दिवशी घुम्यानं आग लावली. ती कसली आग. दव पडलेलं, वारा नाही. घोट्याएवढी ज्योत उतारावरून रांगत चालली. कुठं पेटली, कुठं विझली, कुठं नुसताच धूर. दहा वाजेपर्यंत आटोपलं. उतार असा दिसत होता की न्हाव्यानं अर्ध्या हजामतीत गिऱ्हाईक उठवून दिलं असावं. इथं काळं, तिथं पिवळं, मधेच एखादा उभ्या गवताचा पट्टा जसाच्या तसा. मी घळीच्या काठावर उभा राहून हसलो.

"काय साडूभाऊ, काड्या संपल्या का?"

घुम्यानं माझ्याकडं पाहिलं. "राहिलंय ते राहू द्यायचं," एवढं म्हणाला आणि ओलं पोतं खांद्यावर टाकून खाली गेला.

मी दीड महिना थांबलो. बायको रोज बोलायची, मग दिवसाआड, मग गप्प झाली. ऊन तापलं. माझ्या उतारावरचं काड असं वाळलं की नुसतं चालताना मोडायचं. म्हाताऱ्यानं निरोप धाडला, आता जाळू नको, काप. मी कापतो की काय. भर दुपारी, वारा सुटल्यावर, मी चार ठिकाणी पेटवलं.

ती आग गावानं पाहिली. दोन पुरुष उंचीच्या ज्वाळा. आवाज असा की खाली गुरं दावी तोडायला लागली. वरच्या बाजूची जुनी झुडपं कडाकडा पेटली, ठोंब आतल्या आत धुमसत राहिले, दुसऱ्या दिवशीपर्यंत बुडातून धूर येत होता. लोक ओट्यावर उभे राहून बघत होते. दुकानदार म्हणाला, भोंग्याची आग म्हणजे आग. कुठं एक काडी शिल्लक नाही. सगळा उतार काळा, एकसारखा. मला घुम्याच्या त्या अर्धवट हजामतीकडं बघून इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

पाऊस लागला. घुम्याच्या उतारावर आठव्या दिवशी हिरवी लव दिसली. मी म्हटलं, येईल, आपल्याकडं उशिरा लावली म्हणून उशिरा येईल. माझ्या उतारावर पाणी मुरेचना. तेलकट तव्यावरून जावं तसं वरच्यावर पळायचं, राख आणि माती घेऊन घळीत जायचं. घळ महिनाभर काळी वाहिली. मग एकदाचं माझ्याकडंही हिरवं झालं. आणि काय हिरवं. घुम्यापेक्षा दाट, घुम्यापेक्षा उंच. मी सकाळ-संध्याकाळ ओट्यावर जाऊन बसायला लागलो, कुणी उताराविषयी काढतंय का बघायला. कुणी काढलं नाही तर मीच काढायचो.

एके दिवशी आमची शेळी सुटून घळीपाशी गेली. आधी माझ्या उताराला तोंड लावलं, फुरफुरली, आणि घळ उतरून घुम्याकडं जाऊन चरायला लागली. मी तिला ओढून आणली. पुन्हा गेली. म्हातारा काठी टेकत टेकत मागं आलेला. त्यानं माझ्या उतारावरचं एक रोप उपटून हुंगलं.

"गवत नाही हे. तण आहे. पिवळं फूल येईल याला. जनावर खायचं नाही आणि झाडूला लागायचं नाही."

"आणि गवत?"

त्यानं कुदळ मागितली. एक जुना ठोंब उकरला. माझ्या मांडीएवढा ठोंब, माझ्या सासूच्या काळापासूनचा. आत मुळाच्या जागी कोळसा. दुसरा उकरला, तोही तसाच. माती विटेसारखी भाजलेली आणि खाली बोटभर खोलवर एक जिवंत तंतू नाही. म्हातारा मला रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता कुदळीवर हात ठेवून उभा राहिला आणि पलीकडं घुम्याच्या उताराकडं बघत बसला.

मीही बघितलं. जिथं आग लागली होती तिथं कोवळे कोंब, जिथं लागली नव्हती तिथं जुनं गवत तसंच उभं. माझ्या छातीत जळत होतं, आणि ते पश्चात्तापानं नव्हे. त्याचं का आलं, म्हणून.

त्या थंडीत घुम्यानं तुरे काढले आणि ते बांधायला बसलो मी. माझ्याकडं बांधायला काही नव्हतं. आगीचा दिवस त्यानं सांगितला. म्हणजे सांगितला कसला, पहाटे वर जाऊन आला आणि लोकांना मान हलवून दाखवली. तेवढ्यावर सगळं गाव काड्या घेऊन निघालं. माझ्या उताराबद्दल मात्र तो चार शब्द बोलला. "भाऊ, तीन साल तिथं आग नको. माझ्याकडचं बी वाऱ्यानं येईल." त्याच्याकडचं बी. माझ्या जमिनीत. मी उतारावर जाणंच सोडलं.

मग उन्हाळ्यात बायकोचं नवीन सुरू झालं. रोज सकाळी घागर घेऊन घळीकडं जायची. डोहात थोडं पाणी असायचं, ते भरून वर चढायची. दोन-दोन तास यायची नाही. आली की पदर मातीनं भरलेला.

"कुठं जातेस?"

"पाण्याला."

"घरात पाणी आहे की."

"मग काय झालं?"

एकदा मी मागं मागं गेलो. घळीत ती आणि घुम्या उभे. घुम्या बोलत होता. माझा साडू, ज्याच्या तोंडातून माझ्यासमोर दिवसाला एक शब्द निघत नाही, तो माझ्या बायकोशी हातवारे करून बोलत होता, आणि ती मान डोलवत होती. त्यानं टोपलीतून काहीतरी काढून तिला दिलं. मी पुढं बघितलंच नाही, परत फिरलो. माझ्या डोक्यात उजेड पडला. आमचा उतार मेला म्हणून ही आता बहिणीच्या उताराला पाणी घालतेय. माझं मीठ खायचं आणि घागरी घुम्याकडं वाहायच्या.

तिला विचारायला हवं होतं. पण विचारलं आणि तिनं हो म्हटलं तर? तो विचार सोसला नाही मला. तीन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी, सगळे जेवून आडवे झाल्यावर, मी चुलीजवळची काडेपेटी उचलली. ऊन मी म्हणत होतं. घळ ओलांडली आणि घुम्यानं मुद्दाम राखलेल्या जुन्या गवताच्या पट्ट्यात जाऊन बसलो. माझं जसं जळलं तसं याचं जळू दे, मग बघू कुणाचा हात बरोबर सांगतो. काडी ओढली.

पट्टा पेटला. खोलीएवढा पट्टा, फडफडून जळला, आणि कडेला जाऊन थांबला. पुढं गेल्या थंडीत जळलेली जागा. तिथं खायला काही नव्हतंच आगीला, नुसते बोटभर हिरवे कोंब. मी पायानं निखारे पुढं ढकलले. विझले. माझ्या हातानं लावलेली आगसुद्धा घुम्याच्या उतारावर घुम्यासारखी वागत होती. मी उभा राहून तिला शिव्या देत होतो, आणि तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली.

एक पेटती काडी उडाली, घळीवरून गेली आणि पलीकडं पडली. माझ्या बाजूला. वाळून कडक झालेल्या तणात.

ते तण असं भडकलं की मी दोन पावलं मागं सरलो. पहिल्यांदा मनात आलं, जळू दे, तणच आहे. मग वरून हाक ऐकू आली. बायकोची. मी तिला घरात आडवी झालेली समजत होतो, आणि ती मोठ्या खडकाच्या आडून घागर घेऊन पळत खाली येत होती.

"अहो, पाणी आणा. पाणी आणा हो, माझे ठोंब."

मला काही कळेना. मी धावलो. घुम्या कुठून आला देव जाणे, दोन ओली पोती घेऊन आला आणि एक माझ्या अंगावर फेकलं. आम्ही तिघं आग बडवत वर चढलो. खडकामागं पोचलो तेव्हा मी पाहिलं. रांगा होत्या. हातभर अंतरावर, पाणी अडायला वरच्या अंगाला दोन-दोन दगड लावून, एकेक ठोंब. घुम्याच्या उतारावरून आणलेले, मुळासकट. माझ्या मेलेल्या जमिनीत तिनं पाऊस संपता संपता ते लावले होते आणि उन्हाळाभर घागरीनं जगवले होते. वरच्या रांगा गेल्या होत्या. खालच्या आमच्या डोळ्यांसमोर चालल्या होत्या.

आग विझली तेव्हा कडेला एक कोपरा तेवढा राहिला होता.

गाव जमलं. म्हाताऱ्याला दोघांनी धरून वर आणलं. तो दगडावर बसला, दम खाल्ला आणि विचारलं, "कुणी लावली?"

घुम्यानं माझ्या हातांकडं पाहिलं. माझी बोटं काळी, पण तशी तर सगळ्यांचीच होती. त्याच्या उतारावर जळलेला पट्टा मात्र त्याला दिसत होता आणि मी तिकडून धावत आलेलाही दिसला होता.

"कुणी वाटसरू गेला असेल विडी ओढत," घुम्या म्हणाला.

बास. तेवढ्यानं सुटलो असतो मी. पण मला ते गिळवेना. त्याचं गवत चांगलं, त्याचा हात बरोबर, आणि आता मोठं मनही त्याचंच? जन्मभर भिंतीपलीकडं त्याच्या उपकारात राहायचं?

"वाटसरू नव्हता," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखा मोठाच निघाला. "मी लावली. त्याच्या उतारावर लावली होती. तिकडं पेटली नाही."

दुकानदार हसला, मग एकटाच हसतोय हे बघून थांबला. म्हातारा उठला आणि मला ओलांडून खाली निघून गेला. घुम्यानं पोती गोळा केली. तोही गेला.

बायको एक जळका ठोंब मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"किती होते?"

"दोनशे साठ."

"मला का नाही सांगितलंस?"

तिनं वर पाहिलं. डोळे धुरानं लाल झाले होते, की रडून, ते मला ठरवता आलं नाही.

"सांगितलं असतं तर घुम्याच्या उतारावरचा ठोंब तुम्ही इथं राहू दिला असता?"

मी भोंगा. पण तिची रिकामी घागर उचलली आणि खाली चालू लागलो.

पाऊस येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, गवत निवडायची, सगळं गुपचूप. भिंतीच्या दोन्ही बाजूंना घुमे झाले आणि मधे मी एकटा बोलत बसलो. पावसाची पहिली सर मुरली तशी तिनं टोपली उचलली आणि दाराबाहेर पडली. मी कुदळ घेऊन मागं निघालो. तिनं ये म्हटलं नाही आणि नको पण म्हटलं नाही.

घळीपलीकडं घुम्या ठोंब काढून देत होता. तिची टोपली भरली. मी माझी पुढं केली. त्यानं टोपली भरली, वर ओलं पोतं पसरलं आणि म्हणाला, "मुळांना ऊन लागू देऊ नको, भाऊ." नुसतं एवढंच. एखादा टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

तिनं एक रांग धरली, मी शेजारची. माझी रांग सरळ होती, तिची वाकडी. मी मनात म्हटलं, बघू कुणाची उठते. महिन्याभरात बघायला मिळालं. तिच्या रांगेत तीस ठोंब होते, त्यातले सत्तावीस फुटले. माझ्याही रांगेत तीसच, पण फुटले नऊ. ती माती कशी दाबते, दगड कुठल्या अंगाला लावते, हे मी चोरून बघायला लागलो. घुम्याच्या उताराकडं बघायला आता वेळच उरला नाही. सकाळी वर गेलो की आधी बायकोची रांग मोजायची, मनातल्या मनात कुढायचं, मग माझी. रोज नऊ.

परवा मोजले तर दहा निघाले. पुन्हा मोजले, तरी दहा. मधल्या एका मेलेल्या जागी कोवळा ठोंब उभा होता, माती अंगठ्यानं दाबलेली, वरच्या अंगाला दोन दगड. मी असे दगड लावत नाही. ती खाली घळीत पाणी भरत होती, माझ्याकडं पाठ करून.

माझा हात उपटायला गेला होता, खोटं कशाला बोलू. ठोंब मुठीत धरलाही होता. मग सोडला. तिनं वर येऊन घागर टेकवली आणि विचारलं, "किती झाले?"

"दहा," मी म्हटलं.